देणगीदारांचा कॉम्प्युटर

कानिफला खोटं बोलता येत नसे. हा मोठा गुण आहे असं लांबच्या माणसांना वाटायचं. घरची माणसं मात्र या गुणापायी जेरीस आली होती. लहानपणी पाहुण्यांपुढं चहा ठेवला की हा हमखास विचारायचा, "आई, ह्ये कप शेजारच्यांचं हायेत ना गं?" मोठा झाला तरी तीच तऱ्हा. लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा पोरीच्या बापानं सहज विचारलं, पुण्यात जागेचं कसं काय? यानं सांगून टाकलं, "खोली एक हाय, मानसं चार हायेत. मी दाराशी झोपतो." रंभाजींनी, म्हणजे कानिफच्या वडिलांनी, कपाळाला हात लावला. पण दाराआड उभी असलेली भारती फिस्सकन हसली आणि लग्न जमलं. सगळ्यांचं नशीब असं नसतं.

बाभूळवाडी म्हणजे तिसगावच्या अंगाला, डोंगराच्या सावलीतली एक वाडी. दिवाळी झाली की निम्मी वाडी ऊसतोडीला जायची आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत यायची. रंभाजी आणि लंकाबाई यांचाही तोच शिरस्ता. पोराच्या हातात मात्र कोयता द्यायचा नाही, हे दोघांनी फार आधी ठरवलेलं. कानिफ आयटीआय शिकला, पुण्याला एका शेठच्या दुकानात लागला आणि कॉम्प्युटर जोडायला शिकला. हात चांगला बसला. पण आईबाप तोडीवर, आपण पुण्यात दाराशी, आणि भारती वाडीतल्या घराला एकटी कडी लावून झोपतेय, हे काही त्याच्या मनाला पटेना. एकोणीसशे नव्याण्णवच्या संक्रांतीला तो घरी आला तो शेठकडून पाडव्यापर्यंतची सुट्टी मागूनच. पतसंस्था, शाळा, डेअऱ्या आता कॉम्प्युटर घ्यायला लागल्या होत्या. तिसगावात एक गाळा घ्यायचा, आपणच कॉम्प्युटर जोडून द्यायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे, आणि संध्याकाळी घरी जेवायचं, एवढंच त्याचं स्वप्न.

मध्ये एका लग्नापुरते रंभाजी तोडीवरून आले, तेव्हा त्यांनी हे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तुला यंत्राचं कळतं, मानसाचं न्हाई," ते म्हणाले. "पुन्यात गिऱ्हाईक येतं, पैसं देतं, जातं. गावात गिऱ्हाईक जात न्हाई. समोरच्या ओट्यावर बसून ऱ्हातं. तू एकाला खरं सांगशील, दुसऱ्याला खरं सांगशील, आन् तिसऱ्या दिवशी तुझ्या दारात कुत्रंबी यायचं न्हाई. पाडवा झाला की गपगुमान पुन्याला जा."

कानिफला राग आला, पण बापाचं बोलणं खोटंही म्हणता येईना. गावात राहायचं तर आधी गावाला आपलं काम दिसलं पाहिजे, एवढं त्याला उमजलं. आणि संधी आयतीच चालून आली.

झालं होतं असं की वाडीच्या तरुण मंडळातली पोरं नगरला कबड्डी खेळायला गेली आणि माळीवाड्याच्या स्टँडजवळ एका दुकानात कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत खेळून आली. कबड्डीत हरली ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मंडळानं ठराव केला: वाडीत 'संगणक केंद्र' काढायचं. ठरावात विद्यार्थ्यांचं कल्याण होतं, मनात मोटारी होत्या. डेअरीचे चेअरमन काकासाहेब हे जुने बैलगाडा शर्यतीचे शौकीन. त्यांना पोरांनी खरा बेत सांगितला तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "शर्यत हाय ना? मग बैल असो न्हाईतर मोटार. पाडव्याला शर्यतीचा घाट भरवू." जोडायचं काम अर्थातच कानिफकडं आलं.

मंडळाच्या बैठकीत कानिफनं समजावून सांगितलं. "कॉम्प्युटर म्हंजी पंगत. प्रोसेसर आचारी. रॅम वाढपी. गेमसाठी एक येगळं कार्ड लागतं, चित्र काढायचं. त्यो गोडाचा आचारी समजा. मॉनिटर म्हंजी ताट. आता पैसा आपल्याकडं बेताचा. सगळा ताटावर घातला आन् आचारी शिकाऊ आनला, तर लोक सोन्याच्या ताटात काय खातील? आचारी भारी आनला आन् वाढपी एकच ठिवला, तर पंगत ताटकळंल. समदं मापात पायजे. कुनी लई मोठं न्हाई, कुनी लई बारकं न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पंगत सगळ्यांनाच कळते. घोळ झाला तो पुढं.

आपल्याकडं सार्वजनिक कामाला वर्गणी मागायला गेलं तर माणूस हात आखडतो, आणि वस्तू मागितली तर कोठीचं दार उघडतो. कारण वस्तूवर नाव घालता येतं. बाभूळवाडीच्या मारुतीच्या देवळात बघा. फरशीच्या तुकड्यातुकड्यावर कुणाचा तरी बाप आहे, पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एकेक आजी आहे, घंटेवर तर जागा उरली नाही म्हणून एकानं आतल्या लोलकावर नाव कोरून घेतलंय. तेव्हा कॉम्प्युटरचंही तेच झालं. वर्गणी जमली ती चिमूटभर, पण वस्तू द्यायला रांग लागली.

काकासाहेबांनी मॉनिटर घेतला. साधासुधा नाही, सतरा इंची, बैठकीतल्या टीव्हीसारखा दणदणीत. त्यावर बिभीषण पेंटरकडून लाल ऑइलपेंटनं वडिलांचं नाव घालायचं, स्मरणार्थ. शाळेमागच्या गोजरबाईंनी नवऱ्याच्या नावानं भलेमोठे स्पीकर दिले. एकानं टेबल दिलं, एकानं फिरती खुर्ची, एकानं दोन जॉयस्टिक. पेटीच्या आत जे बसतं, ते कुणीच द्यायला तयार होईना.

कानिफ आधी काकासाहेबांकडं गेला. मॉनिटर चौदा इंची घेऊ आणि उरलेल्या पैशात चित्राचं कार्ड बसवू, असं त्यानं सुचवलं.

"म्हंजी माझ्या बापाचं नाव बारक्या डब्यावर?" काकासाहेब म्हणाले.

"चौदाच्या मॉनिटरवर, आन् आतल्या कार्डावर बी नाव घालू की."

"आत? कुनाला दिसायचं त्ये? माझा बाप हयातभर बैठकीत पुढं बसला, आन् आता त्याला पेटीत घालतो व्हय रं?"

गोजरबाईंचं म्हणणं त्याहून सरळ होतं. "ह्यांना अंधार आवडत नव्हता," त्या म्हणाल्या.

जुन्या सवयीनं कानिफनं तोंड उघडलंच. मंडळात सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमाला गेम नको, पाटी पायजे." ते वाक्य दिवस मावळायच्या आत वाडीभर झालं. दुसऱ्या दिवशी तो दूध घालायला डेअरीत गेला तेव्हा काकासाहेब मान वर करून बघेनात. बापाचं भाकीत खरं ठरायला पाडवासुद्धा लागणार नव्हता. घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला. भारतीनं विचारलं तर म्हणाला, "पुन्याला जातो. तात्यांचं खरं हाय."

भारती भाकरी थापत होती. तिनं तवा सारखा केला आणि म्हणाली, "अहो, लोकांना आतलं दिसत न्हाई म्हणून देत न्हाईत ना? मग दिसू द्या की."

"पत्र्याची पेटी असती ती."

"पत्रा कापा. काच लावा. गनपतीच्या मखराला लावतो तशी. आत एक बारका दिवा सोडा."

पुण्याच्या दुकानात कानिफनं इतक्या पेट्या बंद केल्या होत्या, पण पेटी उघडी ठेवावी असं त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. असली कल्पना शेठला सांगितली असती तर त्यानं हाकलून दिलं असतं. पण शेठला बाभूळवाडी कुठं माहीत होती! कानिफनं त्याच दिवशी तिसगावच्या फोटोफ्रेमवाल्याकडून काच कापून आणली. पेटीची एक बाजू कापून बसवली. आतल्या बारक्या वस्तूंवर रंग लावला तर त्या कामातून जातील, म्हणून बिभीषण पेंटरनं नावं काचेवरच लिहायची आणि प्रत्येक नावापासून ज्या त्या वस्तूकडं बाण काढायचा, असं त्यानं ठरवलं. आत हिरवा दिवा.

रिकामी पेटीच त्यानं मंडळात टेबलावर ठेवली. टेबलाखाली नाही, वर. दिवा लावला. मग मात्र जादू झाली. काकासाहेब दोनदा पेटीभोवती फिरले आणि विचारते झाले, "मधोमध कोन येतंय?"

"प्रोसेसर. आचारी."

"त्यो आमचा," काकासाहेब म्हणाले, "आन् मॉनिटर चौदाचा चालंल. त्यो आईच्या नावानं करू. तिला मोठं काही नकोच असायचं."

सतरा इंची मॉनिटर परत गेला. गोजरबाईंनी स्पीकर लहान केले आणि उरलेल्यातून रॅम घेतली. ती हातात घेऊन त्यांनी विचारलं, "एवढुशी पट्टी?"

"सगळं वाढप हिच्याच जीवावर, गोजरबाई."

"मग ह्यांच्यासारखीच हाय," त्या म्हणाल्या आणि पदरानं पुसून परत दिली. कानिफला ते आवडलं. पट्टी पुसू नये हे त्याच्या जिभेवर आलं होतं, पण त्यानं गिळलं. त्याच्या आयुष्यातला हा पहिला गिळलेला शब्द असावा.

चित्राचं कार्ड, हार्ड डिस्क, सगळं आलं. आता उलटी अडचण. सगळे मोठमोठ्या वस्तू घेऊन येऊ लागले आणि कानिफ हिशेबानं एकेकाला आवरू लागला. याला म्हणे, तुमची थोडी बारकी घेऊ पण बाण लांब काढू. त्याला म्हणे, तुमचं नाव दिव्यापाशी घेतो. असं करत करत मापाला माप बसलं. पेटी गोजिरी दिसायला लागली.

एकच वस्तू उरली: पॉवर सप्लाय. सगळ्यांना वीज पुरवणारा तो, पण दिसायला नुसता पत्र्याचा बंद डबा. काचेतून बघून एकानं विचारलं, "ह्यो भाकरीचा डबा कशाला?" तो कुणीच घेतला नाही. मग मंडळाच्या चिमूटभर वर्गणीत जो बसला तो हलक्यातला कानिफनं लावला. भागेल, असा त्याचा हिशेब होता. आणि भागलंही असतं.

पण पाडव्याच्या आदल्या दिवशी सूर्यभान आला. सूर्यभान आणि छगन हे सख्खे भाऊ. बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून बोलणं बंद, ते इतकी वर्षं की झाड वठून गेलं तरी अबोला हिरवागार. धाकट्या छगननं सीडी ड्राइव्ह दिला होता, वडिलांच्या स्मरणार्थ. सीडी ड्राइव्ह काचेआड नाही, पेटीच्या थेट तोंडावर, म्हणजे पहिल्या मानाची जागा. ते कळल्यावर सूर्यभान नगरला जाऊन दुसरा सीडी ड्राइव्ह घेऊन आला. त्याच वडिलांच्या स्मरणार्थ.

"दोन लागत न्हाईत, सूर्यभानअण्णा," कानिफ म्हणाला.

"मग त्याचा काढ. बाप काय त्याच्या एकट्याचा हुता?"

छगनला विचारलं तर त्याचंही तेच: "थोरल्याचा लाव, पन मग माझा परत दे. आन् वर्गनी बी. बापाचं नाव मी घरात लावीन."

एक काढला तर वाडीचे दोन तट पडणार, आणि पाडवा उद्यावर. कानिफनं दोन्ही बसवले, एकाखाली एक, थोरल्याचा वर. एकाच बापाचं नाव दोनदा.

पाडव्याला सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या आणि दुपारी वाडी मंडळाच्या खोलीत लोटली. त्या साली साखर कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला होता, त्यामुळं तोडीवरची माणसंही आली होती. रंभाजी आणि लंकाबाई मागच्या भिंतीला टेकून बसले. घरी भारतीनं कानिफची बॅग भरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. ती पकडायची की नाही, ते आज ठरणार होतं.

काकासाहेबांनी नारळ फोडला. कॉम्प्युटर चालू झाला, हिरव्या दिव्यात नावं लखलखली, आणि बायका आपापल्या माणसाचं नाव पोराबाळांना दाखवू लागल्या. शर्यत सुरू झाली. मोटारी अशा पळाल्या की काय सांगावं! नगरच्या दुकानातसुद्धा इतक्या गुळगुळीत पळाल्या नव्हत्या. पोरं ओरडली. काकासाहेबांनी बैलाला हाकारावं तसा हाकारा घातला. आणि पहिल्याच वळणावर पडदा काळा झाला.

पुन्हा चालू केला. पुन्हा वळणावर गेला.

कानिफला कारण ताबडतोब कळलं होतं. कार्डानं जोर धरला की विजेची ओढ वाढत होती, वाडीतला लाईटीचा दाब आधीच कमी, आणि त्यात दोन दोन ड्राइव्ह त्या हलक्या डब्याच्या मानेवर. कालपर्यंत एक होता तेव्हा चालत होतं. आज दोन झाले आणि डबा दमला.

"काय झालं रं?" काकासाहेबांनी विचारलं. "कुनाची वस्तू खराब निघाली?"

प्रत्येक जण आपल्या नावाकडं बघू लागला. खिडकीपाशी सूर्यभान उभा होता, दाराशी छगन. सूर्यभान म्हणाला, "खालच्या ड्राइव्हनं झालं असंल. स्वस्तातला हाय त्यो." छगननं शर्टाच्या बाह्या वर केल्या.

खरं काय ते कानिफच्या ओठांवर होतं. अगदी तयार, धार लावलेलं. तुमच्या दोघांच्या हेक्यापायी हे बंद पडलं. वठलेल्या झाडावरून भांडता आणि मेलेल्या बापाला दोनदा वेठीला धरता. असं त्यानं बोलायचं, दोघा भावांनी एकमेकांच्या गळ्याला धरायचं, आणि वाडीचं संगणक केंद्र उद्घाटनालाच बुडायचं, एवढंच बाकी होतं. त्यानं मागं पाहिलं. रंभाजी त्याच्याकडंच बघत होते, आणि त्यांची नजर पोराचं तोंड आता उघडणार म्हणून आधीच दमलेली होती.

"वस्तू समद्यांच्या चांगल्या हायेत," कानिफ म्हणाला. "लाईटीला दाब न्हाई आज. समद्यांच्या घरी सन हाय, टेपरेकॉर्डर चालू हायेत. एक तार सैल झाली आसंल ती बघतो. तात्या, जरा बॅटरी धरा."

रंभाजी उठून आले आणि त्यांनी बॅटरीचा उजेड पेटीत धरला. कानिफनं मागून हात घातला, तारांच्या गुंत्यात चाचपला, एक बारकी तार ओढली आणि ती आतल्या आत पत्र्यामागं खोचून टाकली. बाहेरून काहीच बदललं नाही. दोन्ही ड्राइव्ह तोंडावर जिथल्या तिथं, दोन्हींवर बाप.

"एक करा," तो उभा राहत म्हणाला, "सीडी टाकायची आसंल तर मला बोलवा. उगं बटनं दाबू नका, धूळ जाती."

शर्यत पुन्हा सुरू झाली. वळण आलं, वळण गेलं, पडदा हलला नाही. मग संध्याकाळपर्यंत कुणी खुर्ची सोडेना. सूर्यभान एकदा खेळला आणि छगन एकदा खेळला; बोलले नाहीत, पण सूर्यभानची मोटार खड्ड्यात गेली तेव्हा छगन मनापासून हसला आणि सूर्यभानानं ते ऐकून घेतलं. तेवढंही पुष्कळ झालं. पुढं पावसाळ्यात मंडळाच्या पैशातून चांगला पॉवर सप्लाय आला, तेव्हा कानिफनं ती तार गुपचूप पुन्हा जोडून टाकली. पण तोवर दोघांपैकी एकाचा बाप मुका होता, आणि हे वाडीत कुणालाही कळलं नाही.

खोली रिकामी होता होता डेअरीच्या काकासाहेबांनी कानिफच्या खांद्यावर हात ठेवला. "डेअरीचा हिशेब कॉम्प्युटरवर घ्यायचा म्हनतोय. गाळा कवा घेतोस?"

घरी पुरणाचं जेवण झालं. रंभाजी अंगणात बाजेवर बसले आणि त्यांनी पोराला शेजारी बसवून घेतलं. मग हळूच विचारलं, "सूर्यभानची का छगनची?"

"काय?"

"तार रं. काढलीस ती."

कानिफनं बापाकडं सरळ बघितलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"कुठली तार, तात्या?"

रंभाजींच्या खांद्यांना हसू फुटलं, ते पोटात उतरलं, डोळ्यांत पाणी आलं. आतून लंकाबाई काय झालं म्हणून बाहेर आल्या. रंभाजींनी उपरण्यानं डोळे पुसले आणि घरात हाक मारली.

"भारती, ती बॅग सोड गं बाई. ह्यो ऱ्हातोय हितंच."